सिंधूअक्कांचं गाव

सिंधूअक्का पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांच्या अंगणवाडीत मला रांगेत बसावं लागलं होतं.

मी चोपड्याच्या बालविकास कार्यालयात सुपरवायझर म्हणून नुकतीच रुजू झाले होते. माझ्याकडे पंचवीस अंगणवाड्या होत्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यातल्या दहा-बारा पाहून झाल्या होत्या. सगळीकडे एकच प्रकार. दारात माझी सावली पडली की सेविका पदर सावरत उठायची, मदतनीस खुर्ची पुसायची आणि मुलं एका सुरात 'नमस्ते मॅडम' ओरडायची. या गावात गेले तर दारातच एका चार वर्षांच्या मुलीनं मला अडवलं. तिच्या गळ्यात सुतळी होती आणि सुतळीला बाटलीचं झाकण बांधलेलं होतं.

"चप्पल बाहेर काढा," ती म्हणाली. "नंबर लावा."

आत सात-आठ मुलं भिंतीला टेकून ओळीनं बसली होती. कुणी पोट धरलं होतं, कुणी पाय धरून कण्हत होतं. ओळीच्या शेवटी एक दणकट हाडापेराची, साठीच्या घरातली बाई एक पाय लांब करून बसली होती. मांडीवर उशी, उशीला टोपडं घातलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओळखलंही असावं, पण उठली नाही. थोडी सरकली आणि मला जागा करून दिली. मी बसले. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. तिनं ते झाकण माझ्या गुडघ्याला लावलं, कान देऊन ऐकलं आणि गंभीरपणे म्हणाली, "खूप दुखतंय." मला हसू फुटलं.

नंतर मुलांना खिचडी वाढताना अक्का माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, एक बोलू का? राग नका मानू. चोपड्याच्या दवाखान्यात डॉक्टर तपासतो तेव्हा तुम्ही हसता का?"

"नाही."

"मग इथं का हसल्या? ती पोरगी सकाळपासून डॉक्टर होती. तुम्ही हसल्या आणि ती पुन्हा पोरगी झाली."

नोकरीतली ती माझी पहिली बोलणी. मी ती मुकाट्यानं ऐकून घेतली, आणि त्यानंतर त्या अंगणवाडीत खेळ चालू असताना कधी हसले नाही.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. चोपड्याहून बसनं पाऊण तास लागतो एवढं पुरे. डांबरी रस्ता गावाच्या मधून जातो. रस्त्याच्या अलीकडे मारुतीचं मंदिर, दूध डेअरी आणि केळीवाल्या शेतकऱ्यांची घरं. पलीकडे मशीद, पिठाची चक्की, दोन-तीन वेल्डिंगची आणि सायकल दुरुस्तीची दुकानं आणि मुसलमानांची साठेक घरं. अंगणवाडी अलीकडच्या बाजूला, रस्त्याला लागूनच. दोन्हीकडची मुलं तिथं यायची. अक्का तिथं तेवीस-चोवीस वर्षं होत्या. गावातल्या निम्म्या तरुणांची नाकं त्यांनी पुसलेली होती, आणि मिसरूड फुटलेली मुलंसुद्धा त्यांच्यासमोरून गाडी हळू नेत.

त्यांच्या काही सवयी मला आधी विचित्र वाटायच्या. त्या मुलांना कधी 'शाब्बास' म्हणत नसत. मूल काही दाखवायला आलं की त्या ते नीट पाहत आणि म्हणत, "बरं, मग?" मूल पुढे सांगायला लागे. दुसरी सवय म्हणजे खेळात जो जे झाला असेल त्याला त्या त्याच मानानं हाक मारत. "कंडक्टरसाहेब, एक फुल्ल चोपडा." "पोस्टमनदादा, आमचं काही आलंय का?" नाक गळत असलेल्या कंडक्टरसाहेबांचं नाक त्या पुसायच्या, पण तेसुद्धा "साहेब, जरा थांबा" म्हणून.

दर शनिवारी गाव-गाव असे. त्या खडूनं जमिनीवर अख्खं गाव काढत. आधी मधला रस्ता, मग मंदिर, मशीद, डेअरी, चक्की, शाळा, दवाखाना, बसथांबा. मुलं आपापल्या जागी जाऊन बसत आणि गाव सुरू होई. दूध यायचं, दळण जायचं, बस यायची, कुणीतरी आजारी पडायचं, कुणाच्या तरी घरी लग्न निघायचं आणि सगळ्यांना आवतण जायचं. नियम दोन होते: गेल्या शनिवारी केलेलं काम या शनिवारी करायचं नाही, आणि बापाचं काम पोरानं करायचं नाही. दूधवाल्याचा मुलगा दूधवालाच होणार, झाडणाऱ्याचा झाडणाराच, असं त्यांच्याकडे चालत नसे.

"माझ्या गावात कुणाचं काम कुणाच्या आडनावाला चिकटलेलं नाही," त्या म्हणायच्या.

आमच्या तपासणीच्या तक्त्यात 'सामाजिक व भावनिक विकास' असा एक रकाना असे आणि मी त्यात खूण करी. अक्कांना त्या शब्दांचं मोठं कौतुक नव्हतं. "दुसऱ्याचा नंबर येईपर्यंत थांबता येणं, एवढंच आहे ते," त्या म्हणाल्या. "मोठ्यांना पण कुठं येतं?"

त्यांची मदतनीस शकीलाआपा पलीकडच्या बाजूची. नवरा वारलेला, दोन मुली. अठरा वर्षं दोघी एका चुलीशी होत्या. अक्कांना मीठ टाकलं की नाही याची आठवण राहत नसे आणि शकीलाआपा खिचडी ढवळता ढवळता त्यांना ऐकवायची, "टाकं ना, तुम्हीच इसरी जातस." तिची अहिराणी माझ्या मराठीपेक्षा ठसकेबाज होती. ती दहावीनंतर शाळेत गेली नव्हती. अक्कांनी तिला बाहेरून बारावीला बसवलं, सतरा नंबरचा फॉर्म स्वतः भरून आणला, आणि मुलं घरी गेल्यावर दुपारी दोघी अंगणवाडीतच पुस्तक उघडून बसायच्या. "उद्या मी रिटायर झाले की ही जागा तुझी," असं अक्का तिला माझ्यासमोर म्हणाल्या होत्या.

मुलांपैकी मला दोघांबद्दल सांगायचं आहे.

एक भावेश. त्याच्या वडिलांची केळीची मोठी बाग. पोरगा आवाजाचा आणि हाताचा. एका शनिवारी तो केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम झाला. चार मुलं डोक्यावर उशा घेऊन घड वाहत होती आणि हा कमरेवर हात ठेवून ओरडत होता, "हात चालवा रे! फुकटनं खातस का?" पुढचे दोन शब्द तर असे होते की शकीलाआपाची पळी पातेल्यातच थांबली. हे सगळं त्यानं घरून उचलून आणलेलं होतं. मला वाटलं अक्का आता त्याला गप्प करतील. त्या उठल्या, डोक्यावर एक उशी घेतली आणि दुखऱ्या गुडघ्यानं ओळीत चालू लागल्या. भावेशसमोर आल्यावर थांबल्या.

"मुकादम, मन्हा पोरले ताप शे. आज लवकर घर जाऊ का?"

भावेशचं तोंड उघडंच राहिलं. हे त्यानं बागेत कधी ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असेल तर त्याचं पुढे काय होतं ते त्याला आठवेना. सगळी टोळी थांबली.

"कितला ताप शे?" त्यानं शेवटी विचारलं.

"अंग भाजी राहिनं."

"मंग जाय ना," तो म्हणाला. मग तोच दवाखान्याच्या चौकोनाकडे पळाला आणि डॉक्टरला हाताला धरून घेऊन आला. त्या दिवशी खिचडीच्या वेळी तो शेजारच्या मुलाचं ताट धरून उभा होता. मी अक्कांना म्हटलं, "काय शिकवलंत हो त्याला!" त्या म्हणाल्या, "मी कुठं शिकवलं? मी सुट्टी मागितली. दिली त्यानं."

दुसरी अल्फिया, चक्कीवाल्या रशीदभाईंची धाकटी. अंगणवाडीत आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि चार महिने एक शब्द बोलली नाही. घरी बोलते म्हणे, इथं नाही. शकीलाआपाच्या लुगड्याचा काठ धरून बसायची. अक्कांनी तिला कधी 'बोल' म्हटलं नाही. दर शनिवारी फक्त विचारायच्या, "तू काय होशील?" ती मान हलवायची आणि अक्का पुढच्या मुलाकडे वळायच्या. एका शनिवारी तिनं चक्कीच्या चौकोनाकडे बोट दाखवलं. बापाचं काम मुलीनं करायचं नाही हा अक्कांचा नियम. त्या क्षणभर अडखळल्या, मग म्हणाल्या, "जा, बस."

अल्फिया चौकोनात जाऊन बसली, एक रिकामा डबा पुढे ओढला आणि तोंडातून चक्कीचा आवाज काढायला लागली. घर्र-घर्र सगळ्यांनाच काढता येतो. तिनं मधे पट्टा घसरल्यावर होणारी ती किरकिरसुद्धा काढली, मग पट्ट्यावर हात मारल्याचा आवाज आणि पुन्हा घर्र. त्या खोलीतला तिचा पहिला आवाज तो. मुलं होती तशी दळण घेऊन धावली. तिनं पहिल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "बारीक पायजे का जाडं?" शकीलाआपानं तोंडाला पदर लावला. त्यानंतर अल्फिया दर शनिवारी चक्कीच मागायची आणि अक्का द्यायच्या. एका मुलीपुरते दोन्ही नियम मोडले होते. भावेश तिचं रोजचं गिऱ्हाईक होता. रांग मोडून पुढे घुसायचा आणि ती त्याला मागे पाठवायची. तिचं तो ऐकायचा.

मग गावात ते भांडण झालं.

भांडण म्हणजे काय, तर बसथांब्यावर एका मोटारसायकलचा दुसरीला धक्का लागला. एक पोरगा अलीकडचा, एक पलीकडचा. एक थप्पड गेली, एक आली. कुणीतरी मोबाईलवर त्याचं चित्रण केलं, अर्धंच, आणि ते अर्धं दुपारपर्यंत दोन तालुक्यांत फिरलं. संध्याकाळी दगड पडले. चार दिवस पोलिसांची गाडी रस्त्यावर उभी होती. कुणाला मोठी इजा झाली नाही. पाचव्या दिवशी गाडी गेली आणि सगळे म्हणाले, मिटलं.

मिटलं नव्हतं. पलीकडच्या बाजूनं डेअरीवर दूध घालणं बंद केलं. अलीकडची दळणं चक्कीवर जायची थांबली. लोक पाच किलोमीटरवर शेजारच्या गावी डबे घेऊन जायला लागले. बैठक झाली नव्हती, दवंडी पिटली नव्हती. विचारलं तर दोन्हीकडचे लोक शपथेवर सांगत की आम्ही काहीच ठरवलेलं नाही, आणि सगळे ठरल्यासारखे वागत.

अंगणवाडी आठवडाभर बंद होती. उघडली त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी तिथं होते. मुलं कमी होती, पण दोन्हीकडची होती. अक्कांनी नेहमीसारखं गाव काढलं. अल्फिया चक्कीवर जाऊन बसली आणि तिनं आवाज सुरू केला. डेअरी सुरू झाली, बस आली. भावेश त्या दिवशी शेतकरी होता. डोक्यावर डबा घेऊन तो निघाला, रस्त्याच्या रेघेपर्यंत आला आणि तिथंच थांबला. मागून एक लहान मुलगी आपला डबा घेऊन येत होती. त्यानं हात आडवा करून तिला अडवलं.

"तठे दळाले जावानं नही. आम्हना पप्पा सांगतस."

मुलगी थांबली. तिच्या मागचा मुलगा थांबला. ओरडाआरडा नाही, मारामारी नाही. खेळातलाच एक नवीन नियम कळल्यासारखी मुलं तिथून वळली आणि आपापल्या जागी जाऊन बसली. अल्फियाचा आवाज चालू होता. थोड्या वेळानं तिनं तो कमी केला आणि बंद केला. रिकामा डबा उलटा घातला आणि त्याच्यावर हात ठेवून बसून राहिली.

अक्का उठल्या. त्यांनी एक वाटी घेतली, रेघ ओलांडली आणि चक्कीसमोर जाऊन गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या.

"शेरभर गहू शे माय. बारीक दळी दे."

अल्फियानं आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि मोठ्या बायका बोलतात तशा दबक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही नका येऊ अक्का. तुम्हले लोकं बोलतीन."

पाच वर्षांची नव्हती ती अजून.

अक्कांनी वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता त्या खेळात राहून काही तरी काढतील, त्या नेहमी काढत तसं. एखादी सुट्टी मागतील, एखादा ताप आणतील. त्या नुसत्या बसून राहिल्या. मी उगाच रजिस्टर उघडलं. शकीलाआपानं वेळेच्या अर्धा तास आधीच खिचडी वाढायला घेतली, आणि त्या दिवशी मीठ खरंच राहिलं होतं, पण दोघींपैकी कुणी काही बोललं नाही.

मुलं गेल्यावर अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरं खेळातून शिकतात, असं मीच सगळ्यांना सांगत फिरले. खरंच शिकतात, मॅडम. जे असेल ते शिकतात." मग म्हणाल्या, "तिला मी चक्की द्यायला नको होती. नियम पाळला असता तर आज तिथं दुसरं कुणी बसलं असतं."

"दुसऱ्याचाही डबा रिकामाच राहिला असता," मी म्हटलं.

"राहिला असता. पण त्याच्या बापाची चक्की नसती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरं दळण काढलं. भर सकाळी, डोक्यावर डबा घेऊन, रस्ता ओलांडून रशीदभाईंच्या चक्कीवर गेल्या. हे मला शकीलाआपानं सांगितलं. रशीदभाईंनी दळण दळून दिलं आणि हात जोडून म्हणाले, "अक्का, तुम्ही आल्या, बस झालं. आता नका येत जाऊ. तुम्ही आल्या की मला भीती वाटते." अक्का तरी तीन आठवडे गेल्या. चौथ्या आठवड्यात त्यांचे दीर घरी आले. दीर चांगला माणूस. अक्कांच्या नवऱ्याच्या मागं त्यांनीच घर सांभाळलेलं. त्यांनी आवाज चढवला नाही.

"वहिनी, तुम्हले सरकार पगार देस," ते म्हणाले. "आम्हले याच गावमां ऱ्हावानं शे."

नरडाण्याला कारखान्यात काम करणाऱ्या अक्कांच्या मुलाचाही फोन आला. त्याच्या बायकोचं माहेर गावातलंच होतं. तो म्हणाला, आई, तुझ्यामुळे हिच्या घरच्यांना उत्तरं द्यावी लागतात. अक्कांनी दळण बंद केलं आणि घरी जातं नव्हतं म्हणून महिनाभर भातावर काढला. शेजारच्या गावी डबा मात्र पाठवला नाही.

मग खिचडीवरून सुरू झालं. एक बाई आली आणि म्हणाली, आमच्या पोराला घरून डबा देऊ का? दुसरी आली. कारण कुणी सांगितलं नाही, पण शकीलाआपानं ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी ती पळी अक्कांच्या हातात देऊन बाहेर अंगण झाडत बसली. अक्कांनी पळी परत तिच्या हातात दिली. त्या दिवशी पातेल्यात निम्मी खिचडी उरली. पलीकडून येणारी मुलंही एकेक करून गळायला लागली. रस्ता ओलांडताना कुणी काही बोलतं, आया म्हणायच्या. अक्का दुपारी घरोघर फिरायच्या, दोन्हीकडे. सगळीकडे चहा मिळायचा. "तुमच्याबद्दल काही नाही, अक्का," हे वाक्य त्यांनी इतक्या घरी ऐकलं की त्या मला म्हणाल्या, "माझ्याबद्दल काही असतं तर बरं झालं असतं. मी सोडून गेले असते."

सात-आठ महिन्यांनी माझ्या टेबलावर अर्ज आला. रस्त्याच्या पलीकडे वेगळी मिनी अंगणवाडी मिळावी. खाली सह्या आणि अंगठे होते, दोन्ही बाजूंचे. वर्षभरात त्या गावानं एकत्र येऊन केलेली ती एकुलती एक गोष्ट.

अहवाल मला द्यायचा होता. मी दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले. खरं काय ते लिहिलं असतं तर काय झालं असतं, हे मी आजही स्वतःला विचारते. तहसीलदारांपर्यंत गेलं असतं, पोलिसांची गाडी पुन्हा आली असती, बैठका झाल्या असत्या, आणि तोवर पलीकडची मुलं घरीच बसली असती, ना खिचडी, ना वजन, ना लस. मी लिहिलं: मुलांना रहदारीचा रस्ता ओलांडावा लागत असल्याने सुरक्षिततेच्या दृष्टीने स्वतंत्र केंद्र आवश्यक आहे. सही केली. त्याची एक प्रत अक्कांना द्यावी लागते म्हणून घेऊन गेले.

त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"मॅडम, मी नोकरीला लागले तेव्हापासून रस्ता तिथंच शे," त्या म्हणाल्या.

त्यांनीच मला सोडवलं. कागदाची घडी घालत म्हणाल्या, "तुम्ही दुसरं काय लिहिणार? मी तरी काय लिहिलं असतं?"

नव्या अंगणवाडीवर सेविका म्हणून शकीलाआपाची नेमणूक झाली. बारावी झालेली, अनुभव असलेली, त्याच वस्तीतली. तिच्याइतकं योग्य कुणी नव्हतंच. ऑर्डर मी दोघींसमोर दिली. शकीलाआपा रडायला लागली आणि ते कशाचं रडणं होतं हे तिलाही सांगता आलं नसतं. अक्कांनी तिला पेढा भरवला. मग आतून खडूचा डबा आणला आणि त्यातले अर्धे खडू एका पिशवीत घालून तिच्या हातात दिले. "शनिवारचं चुकवू नको," एवढंच बोलल्या.

ती चुकवत नसे. मी दोन्हीकडे जाई. शकीलाआपाच्या गावात मशीद असे, चक्की असे, वेल्डिंगचं दुकान असे. अक्कांच्या गावात मंदिर, डेअरी, केळीची गाडी. दोघीही आपल्या गावात पलीकडच्या वस्तू काढून बघत. अक्का चक्कीचा चौकोन काढायच्या आणि विचारायच्या, "इथं कोण बसेल?" नवीन मुलांना दळण कुठं होतं हेच माहीत नव्हतं, त्यांच्या घरी पीठ गाडीवरून यायचं. चौकोन रिकामा राही. काही महिन्यांनी अक्कांनी तो काढणं सोडलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "रिकाम्या घराला पोरं घाबरतात हो." भावेश मराठी शाळेत पहिलीला गेला, अल्फिया उर्दू शाळेत. त्या वयाला ते तसंही झालं असतं. पण आधी एकमेकांना रांगेत मागेपुढे करून मग झालं असतं.

तिसऱ्या वर्षी माझी धुळ्याला बदली झाली. निघण्याआधी माझ्याकडच्या अंगणवाड्यांची शेवटची फेरी करत होते आणि त्या गावात नेमका लसीकरणाचा दिवस होता. नर्सबाई एकच, त्यामुळे उपकेंद्राच्या ओट्यावर दोन्ही अंगणवाड्यांची मुलं आली होती. ओट्याच्या एका टोकाला अक्का, दुसऱ्या टोकाला शकीलाआपा. दोघींनी लांबूनच एकमेकींना मान हलवली. दोन्हीकडच्या आया उभ्या होत्या. अक्का थकल्या होत्या. भिंतीचा आधार घेऊन उभ्या होत्या, रिटायर व्हायला थोडेच दिवस उरले होते.

अलीकडची एक छोटी इंजेक्शन घेऊन रडत रडत ओट्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. पलीकडच्या रांगेतला एक तीनेक वर्षांचा मुलगा तिच्याजवळ गेला. तिचा दंड निरखून पाहिला. मग त्यानं मान वर केली, आणि सगळ्यांत जवळ उभ्या होत्या त्या अक्काच. तो त्यांना ओळखत नव्हता. बोट त्या मुलीकडे करून त्यानं विचारलं,

"ही कोणता गावनी शे?"

गावातल्या गावात, शंभर पावलांवरची ती मुलगी.

अक्का गुडघ्याची पर्वा न करता वाकल्या. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आपलाच गावनी शे, बेटा."

मुलानं त्या मुलीकडे पुन्हा एकदा पाहिलं. नीट पाहिलं. मग अक्कांकडे पाहून, चुकीचं सांगणाऱ्या मोठ्या माणसाला समजवावं तसं, शांतपणे म्हणाला, "नही."

मागून त्याच्या आईनं हाक मारली आणि तो पळाला. माझी बस रस्त्यावर हॉर्न देत होती. मी चढले, खिडकीशी बसले आणि मागे वळून पाहिलं. नर्सबाई पुढचं नाव पुकारत होत्या. अक्का अजून तशाच वाकलेल्या होत्या, हात तेवढ्याच उंचीवर धरलेला, त्याच्याखाली कुणी नव्हतं.